मधला अर्धा सेकंद

तुमच्या घरात लग्नाची डीव्हीडी आहे? असणारच. कपाटात, साड्यांच्या खाली, गुलाबाची फुलं छापलेल्या कव्हरमध्ये! आता ती लावायला प्लेअर कुणाकडे उरलाय, हा भाग वेगळा.

आमच्या डीव्हीडीत एक झटका आहे. ताईचं लग्न डिसेंबर २०१२ मधलं, सोलापुरातलंच. रिसेप्शनला कुणीतरी बाबांच्या हातात माइक कोंबला. आमचे बाबा म्हणजे चार माणसांत तोंड न उघडणारा माणूस. जेमतेम चार वाक्यं बोलले. त्यातलं शेवटचं डीव्हीडीत असं ऐकू येतं : 'घराची किल्ली...' खट्! '...जवळच असू दे.' चित्र उडी मारतं आणि मधला शब्द गायब.

कुणाच्या जवळ? ताईनं त्याच दिवशी सकाळी स्वतःकडची किल्ली आईच्या हातात दिली होती. त्यामुळे तिनं अर्थ लावला, 'आमच्या जवळच'. 'लग्न लागलं, बाबांनी किल्ली काढून घेतली,' असं ती हसत सांगते. ती हसते म्हणून आम्हीही हसतो. त्या क्षणी बाहेर बँड वाजत होता, हॉलमध्ये कुणाला धड ऐकूच आलं नव्हतं. आणि बाबांना विचारायची सोय नव्हती. ते मार्च २०१३ मध्ये गेले. डीव्हीडी हातात आली ती त्यानंतर दोन महिन्यांनी.

गेल्या दिवाळीत घर आवरताना एक जुनी हार्ड डिस्क सापडली. त्यात लग्नाचं सगळं कच्चं शूटिंग, कॅमेऱ्याच्या कार्डावरून जसंच्या तसं उतरवलेलं! नुसते आकडे नाव म्हणून असलेल्या .एमटीएस फाइलींची रांग. आपण आयटीवाले, कॉलर टाइट! लॅपटॉप काढला, एका फुकटच्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये फाइली ओढल्या, एकापुढे एक लावल्या, प्ले केलं... 'घराची किल्ली...' खट्!

म्हटलं, कॅमेऱ्यानंच तो शब्द टिपला नसणार. विषय संपला.

दुसऱ्या दिवशी शर्ट घ्यायला नवी पेठेत गेलो. दिवाळीतली नवी पेठ म्हणजे गाडी लावायला जागा मिळाली की अर्धी खरेदी झाली! तिथंच एका जिन्यावर लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग करणाऱ्या अण्णांचं छोटंसं दुकान आहे. सहज आत डोकावलो आणि बोलता बोलता झटक्याची गोष्ट सांगितली.

'फाइल किती जीबीची हाय बे?' अण्णांनी मान वर न करता विचारलं.

'पहिली दोन जीबीच्या आसपास. दुसरी छोटी आहे, अण्णा.'

'मग त्या दोन फाइली न्हाईत की! एकच हाय. कॅमेऱ्यानं कापलीय ती.'

फंडा असा आहे. कार्डावरच्या फाइल सिस्टीमला मर्यादा असते. १९९६ मध्ये विंडोज ९५ सोबत आलेल्या फॅट३२ मध्ये एक फाइल चार जीबीच्या वर जाऊच शकत नाही. सोनी आणि पॅनासोनिकनं २००६ मध्ये एव्हीसीएचडी हा फॉरमॅट आणला, त्याचे बरेच कॅमेरे तर दोन जीबीलाच फाइल तोडायचे. सेकंदाला २४ मेगाबिटनं शूट केलं तर दोन जीबी साधारण बारा मिनिटांत भरतात. कॅमेरा काही तुमच्या बाबांचं वाक्य पूर्ण व्हायची वाट बघत नाही. कोटा भरला की कात्री!

गंमत म्हणजे या कापण्यात काहीच सांडत नाही. फक्त कात्री चित्राच्या मधोमध लागते. या प्रकारच्या व्हिडिओत प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. साधारण अर्ध्या सेकंदाला एक पूर्ण चित्र असतं आणि मधली चित्रं म्हणजे नुसता 'आधीपेक्षा काय बदललं' याचा हिशेब. दुसरी फाइल एकटी उघडली की तिच्या सुरुवातीच्या हिशेबाला आधार सापडत नाही. सॉफ्टवेअर बिचारं पुढच्या पूर्ण चित्रापर्यंतचा भाग सोडून देतं. आमच्या डीव्हीडीतही तेच झालं असणार.

अण्णांनी कुठलंही महागडं सॉफ्टवेअर उघडलं नाही. विंडोजची ती काळी कमांडची खिडकी उघडली आणि एक ओळ लिहिली : कॉपी /बी ०००१२.एमटीएस+०००१३.एमटीएस लग्न.एमटीएस. (टाइप अर्थात इंग्रजीत करायचं!) म्हणजे दोन फाइलींचे बाइट जसेच्या तसे पाठोपाठ चिकटव, कशालाही हात लावू नकोस. 'बी' विसरायचा नाही, नाहीतर विंडोज त्यांना मजकूर समजून घोळ घालतं. आणि तयार होणारी फाइल चार जीबीच्या वर जाणार असेल तर ती फॅट३२ च्या पेनड्राइव्हवर बसणार नाही, एनटीएफएस किंवा एक्सफॅटची डिस्कच पाहिजे.

मिनिटभरात फाइल तयार. अण्णांनी हेडफोन माझ्याकडे सरकवला.

'घराची किल्ली तुझ्या जवळच असू दे.'

तुझ्या. दोन अक्षरं. मी ते पाच वेळा ऐकलं. अण्णा तोवर दुसऱ्याच कामाला लागले होते. चांगली माणसं अशा वेळी आपल्याकडे बघत नाहीत.

भानावर आल्यावर मी त्यांना आणखी छळलं. तुमच्याही कपाटात असा माल असेल, म्हणून सांगतो. ही कॉपीची युक्ती .एमटीएसवर चालते, .एमपी४ वर नाही. एमपी४ च्या पोटात स्वतःची अनुक्रमणिका असते. दोन नुसत्या चिकटवल्या की प्लेअर पहिलीच दाखवतो आणि थांबतो. त्यासाठी लॉसलेसकट हे फुकट सॉफ्टवेअर ट्राय करा. फाइली ओढा, क्रम लावा, जोडा. त्याच्या पोटात २००० साली फाब्रिस बेलार यांनी सुरू केलेलं एफएफएमपेग काम करतं. एमकेव्ही चालणार असेल तर एमकेव्हीटूलनिक्सही मस्त. जुन्या एव्हीआयसाठी व्हर्च्युअलडब, त्यात 'डायरेक्ट स्ट्रीम कॉपी' निवडायचं. मात्र जोडायच्या फाइलींचा कोडेक, आकार आणि फ्रेम रेट सारखा हवा. तो मीडियाइन्फोमध्ये दिसतो.

'पण एडिटिंगमध्ये टाकून एक्स्पोर्ट केलं तर काय बिघडतं?' मी विचारलं. अण्णांनी शुद्ध सोलापुरी उत्तर दिलं. 'दोन चादरी जोडायच्यात, तर शिवण मारशील का सूत उसवून नवी विणशील? विणलेली चादरच असते बे, पण पहिल्यासारखा रंग येत न्हाई.' विंडोज मूव्ही मेकर आठवतंय? मायक्रोसॉफ्टनं जानेवारी २०१७ मध्ये त्याचं डाउनलोड बंद केलं. ते दरवेळी चादर नव्यानंच विणायचं. नुसतं जोडायचं काम असेल तर विणकाम कशाला?

आणि शेवटचा दम भरला तो फाइली सांभाळण्यावरून. कार्ड उतरवताना फक्त व्हिडिओ उचलायचे नाहीत, 'प्रायव्हेट' नावाचा अख्खा फोल्डर उचलायचा. कुठली फाइल कुठल्या फाइलचा पुढचा तुकडा, ही कुंडली त्यात असते. कंपनीचं सॉफ्टवेअर आणि चांगली एडिटिंग सॉफ्टवेअर ती वाचून तुकडे आपोआप जोडतात. (मी 'स्ट्रीम' फोल्डरमधल्या सुट्या फाइली ओढल्या होत्या. कॉलर सैल!) फोल्डरला तारखेनं नाव द्या, वर्ष आधी. प्रती तीन ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरात. कॉपी झाल्यावर विंडोजच्याच सर्टयुटिलनं दोन्हींचा हॅश जुळवून बघा. जुळला नाही तर कॉपी पुन्हा. आणि जोडलेली फाइल झाली म्हणून मूळ तुकडे उडवू नका! आमचे कुणी उडवले असते तर?

अण्णांनी पैसे घेतले नाहीत. 'शर्ट घे जा,' म्हणाले. शर्ट राहूनच गेला.

भाऊबीजेला ताई आली. ओवाळून झाल्यावर मी लॅपटॉप तिच्यापुढे ठेवला, काही बोललो नाही. तिनं एकदा ऐकलं. पुन्हा मागे घेऊन ऐकलं. मग उठून स्वयंपाकघरात आईकडे गेली. बराच वेळ आतून काही आवाज आला नाही.

निघताना तिनं पर्समधून गाडीची चावी काढली. त्याच कडीत आमच्या घराची जुनी पितळी किल्ली अडकवलेली होती. आईनं मधल्या काळात कुलूप बदललंय, ती किल्ली आता कुठेच लागत नाही. हे आम्हा तिघांनाही माहीत आहे.

तुमची हार्ड डिस्क कुठे आहे? या रविवारी काढाच बाहेर.