फॉर्म कोणी भरला नाही, तेही मोजा

समाजाच्या सर्वेक्षणाच्या लिंक सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर सतत फिरत असतात. शिष्यवृत्ती, बेरोजगारी, जातीय भेदभाव असे त्यांचे विषय. हेतू चांगलाच आहे. या आकड्यांवरून उद्या शासनाला निवेदने दिली जातील, म्हणूनच आम्हाला एक प्रश्न महत्त्वाचा वाटतो : हा फॉर्म कोणी भरलाच नाही?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशात १५ ते ४९ वयोगटातील ५७.१ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरले होते. स्त्रियांमध्ये हे प्रमाण ३३.३ टक्के होते. त्यानंतर फोन वाढले. तरी लिंक उघडतो तो शहरात शिकणारा मुलगा, शेतमजुरी करून संध्याकाळी घरी परतलेली त्याची आई नव्हे. मग शिकलेल्या, नोकरदार बांधवांचे चित्र साऱ्या समाजाचे म्हणून पुढे जाते आणि ज्यांच्यासाठी मागणी करायची तेच त्यातून गळतात.

उत्तरे भरपूर आली की ही चूक भरून निघते, असा समज आहे. तो खोटा आहे. अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या फेसबुकवरील सर्वेक्षणाला आठवड्याला सुमारे अडीच लाख उत्तरे येत. तरीही मे २०२१ मध्ये कोरोना लसीचा किमान एक डोस घेतलेल्या प्रौढांचे प्रमाण त्यात सुमारे १७ टक्क्यांनी जास्त दिसले. त्याच काळात सुमारे हजार लोकांचे एक सर्वेक्षण वस्तुस्थितीच्या बरेच जवळ गेले. त्यात इंटरनेट नसलेल्या घरांनाही टॅब्लेट आणि जोडणी देऊन सामील केले होते.

यावर एक उपाय म्हणजे उत्तरांना वजन देणे. समजा, समाजात स्त्रिया निम्म्या आहेत, पण १००० उत्तरांत त्यांची २०० च आहेत. तर प्रत्येक स्त्रीचे उत्तर २.५ आणि पुरुषाचे ०.६२५ धरायचे. मात्र त्या २०० जणी नोकरदारच असतील, तर वजनाने त्यांचाच आवाज मोठा होतो. मजूर स्त्री गप्पच राहते. फेसबुकच्या सर्वेक्षणालाही वय आणि लिंगानुसार वजन दिले होते, शिक्षणानुसार नव्हते. शिवाय वजनाला जनगणनेचा आधार लागतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्ध सुमारे ६५ लाख होते. नवी जनगणना २०२७ ची. तोवर आधार जुनाच.

म्हणून दुसरा उपाय आवश्यक आहे. हॅन्सन आणि हर्विट्झ या संख्याशास्त्रज्ञांनी १९४६ मध्येच तो मांडला : टपालाने उत्तर न देणाऱ्यांतून काही जण चिठ्ठ्या टाकून निवडा, त्यांच्या घरी जाऊन विचारा आणि ती उत्तरे उरलेल्या सर्वांच्या वतीने धरा. आपल्याकडे हे अवघड नाही. लिंक कुठेही फॉरवर्ड करण्याऐवजी विहार समितीने आधी वस्तीतील घरांची यादी करावी. यादीच नसेल तर कोण राहिले हे कळणार कसे? फॉर्म न आलेल्या ३०० घरांपैकी चिठ्ठीने ३० घरे निवडावीत आणि महिला मंडळाच्या कार्यकर्त्यांनी तिथे जावे. त्या प्रत्येक घराचे उत्तर मग दहा घरांचे धरावे. अहवालात किती घरांना विचारले, किती उत्तरे आली, हे पहिल्याच पानावर लिहावे.

निवेदन हातात घेणारा अधिकारी हाच प्रश्न विचारून आपली मागणी बाजूला सारू शकतो. त्याचे उत्तर आपल्याकडे आधीच तयार हवे. जय भीम!