बरोबरीची लढाई हवीय कुणाला?

‘लढाई बॅलन्स्ड नव्हती!’ होस्टेलमध्ये रात्री उशिरापर्यंत डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळणाऱ्या कुठल्याही टोळक्यात हे वाक्य अधूनमधून ऐकू येतंच. कुणाचा तरी योद्धा मेलेला असतो, कुणीतरी पुस्तक उघडून गुणाकार करत असतो आणि डीएम बिचारा ‘मी नियमाप्रमाणेच केलं होतं रे’ म्हणून शपथा घेत असतो. माझं म्हणणं असं, की ही तक्रारच चुकीची आहे. लढाई बरोबरीची असावी हा हट्ट आपण सोडायला हवा. डीएमकडे मागायचंच असेल तर दुसरं काहीतरी मागायला हवं. काय ते सांगतो. पण आधी ज्यांना या खेळातलं काहीच ठाऊक नाही त्यांच्यासाठी (आणि फाशांचा आवाज ऐकून जुगाराचा संशय घेणाऱ्या सरांसाठी!) चार ओळी.

हा खेळ अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघांनी आणला. एक जण डन्जन मास्टर म्हणजे डीएम होतो. तो जग उभं करतो, राक्षस चालवतो. बाकीचे एकेक पात्र घेतात, म्हणजे कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. ‘मी काय करतो’ हे तुम्ही सांगायचं आणि ते जमलं की नाही हे वीस बाजूंचा फासा सांगणार. पैशाचा संबंध नाही सर, खरंच! पात्र पहिल्या लेव्हलपासून महिनोन् महिने वाढत जातं आणि एखाद्या रात्री मरतंही. म्हणूनच समोर किती मोठा शत्रू ठेवायचा, हा प्रश्न वाटतो तेवढा पोरकट नाही.

सूत्र काय म्हणतं?

सुरुवातीच्या काळात साधा संकेत होता. भुयारात जितकं खाली जाल तितका धोका जास्त. किती खाली जायचं ते खेळणाऱ्यांनी ठरवायचं. २००० साली तिसरी आवृत्ती आली आणि तिच्यासोबत चॅलेंज रेटिंग नावाचा आकडा आला. चार जणांच्या गटाची लेव्हल आणि राक्षसाचा आकडा सारखा असेल, तर त्या लढाईत गटाची साधारण पाचवा हिस्सा ताकद खर्च व्हावी असा हिशोब. पुढे २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत राक्षसांच्या एक्सपीची बेरीज करायची, संख्येप्रमाणे गुणकाने गुणायचं आणि तक्त्यात बघायचं. सोपी, मध्यम, कठीण की जीवघेणी, ते तक्ता सांगतो.

उदाहरण घेऊ. तिसऱ्या लेव्हलचे चार जण आहेत. त्यांच्यासाठी ३०० एक्सपीपासून सोपी, ६०० पासून मध्यम, ९०० पासून कठीण आणि १६०० पासून जीवघेणी लढाई सुरू होते. एका ओगरचे ४५० एक्सपी, म्हणजे लढाई सोपी. एका गॉब्लिनचे ५०, म्हणजे नऊ गॉब्लिनचेही ४५०च! पण सात ते दहा राक्षसांना गुणक अडीच, म्हणून हिशोब ११२५ वर जातो. लढाई कठीण.

हा गुणक का, हे इंजिनिअरिंगच्या पोरांना पटकन कळेल. ओगरचे हिट पॉइंट ५९ आणि नऊ गॉब्लिनचे मिळून ६३, म्हणजे मार खाण्याची ताकद जवळजवळ सारखी. पण समोर १६ आर्मर क्लासचा योद्धा असेल तर ओगरचा फटका ५५ टक्के वेळा लागतो आणि एका फेरीत सरासरी साडेसात हिट पॉइंट जातात. गॉब्लिनचा वार ४५ टक्के वेळाच लागतो, पण वार नऊ! नवांनी मिळून त्याच योद्ध्याला धरलं तर एका फेरीत सरासरी २४ गेले. तिसऱ्या लेव्हलच्या योद्ध्याकडे असतात साधारण २८.

फ्रेडरिक लँचेस्टर नावाच्या ब्रिटिश मोटार इंजिनिअरने १९१६ साली हेच युद्धाबद्दल मांडलं होतं. सगळे एकमेकांवर नेम धरू शकत असतील तर बळ संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. नऊ विरुद्ध चार म्हणजे ८१ विरुद्ध १६. बरोबरी साधायची तर चौघांपैकी एकेकाची मारक क्षमता गॉब्लिनच्या पाचपट हवी.

गणित कुठे फसतं?

तर मग झालं की! सूत्र आहे, तक्ता आहे, गुणक आहे. अडचण कुठे? अडचण अशी की सूत्राला तुमचं टेबल माहीत नसतं.

तेच नऊ गॉब्लिन दोन लेव्हलनंतर घ्या. पाचव्या लेव्हलला जादूगाराला फायरबॉल मिळतो, आठ फासे, सरासरी २८. गॉब्लिन वाचला तरी निम्मा मार बसतो, म्हणजे १४, आणि त्याच्याकडे असतात फक्त ७. एकत्र उभे असतील तर एका मंत्रात सगळे साफ. पांगलेले असतील तर लढाई वेगळी. दाट झाडीत लपलेले असतील तर आणखी वेगळी. तक्त्यात मात्र तिन्ही एकच.

दुसरं म्हणजे विश्रांती. २०१४ च्या पुस्तकाचा हिशोब दिवसाला सहा ते आठ मध्यम किंवा कठीण लढायांचा आहे. आपण मेसचं जेवण उरकून बसतो, बारा-साडेबाराला कुणाला तरी सबमिशन आठवतं आणि तेवढ्यात एखादीच लढाई होते. मग जादूगार वाचवून ठेवणार कशाला? सगळा दारूगोळा पहिल्याच फेरीत. कागदावरची ‘जीवघेणी’ लढाई दहा मिनिटांत खलास!

२०२४ च्या नव्या मार्गदर्शिकेत तर गुणकच काढून टाकलाय. संख्या जास्त असेल तर जपून, एवढी सूचना ठेवलीय. म्हणजे एक ओगर आणि नऊ गॉब्लिन आता तक्त्यात सारखेच. मी याला दोष देत नाही. सूत्र हा अंदाज आहे आणि अंदाज म्हणून तो चांगला आहे. गडबड होते ती त्याला हमी समजल्यावर.

पडद्यामागचा हात

हमी समजलं की पुढची पायरी ठरलेली. लढाई हाताबाहेर जायला लागली की डीएम पुठ्ठ्याच्या पडद्याआड फासा टाकतो, १८ पडतात आणि तोंडाने म्हणतो, ‘हुकला!’ ओगरचे हिट पॉइंट गुपचूप कमी होतात. हेतू चांगला असतो, कुणाचा जीव जाऊ नये. १९७९ च्या मार्गदर्शिकेत खुद्द गायगॅक्सनेही डीएमला फासा बाजूला ठेवायची मुभा दिली आहे.

तरीही मला ते पटत नाही. आमच्या टेबलावर पहिल्या वर्षाचा एक मुलगा येत असे. खेळायला हुशार, प्रत्येक दारामागे काय असेल याचा विचार करणारा. चार-पाच आठवड्यांत त्याच्या लक्षात आलं की आपण काहीही केलं तरी शेवटी वाचतोच. एका रात्री तो शांतपणे म्हणाला, ‘दादा, मी मरणारच नसेन तर फासा टाकू कशाला?’ पुढच्या आठवड्यापासून तो आला नाही. भांडण नाही, तक्रार नाही. पात्र जिवंत होतं, खेळणारा गेला.

त्याने दोन तास डोकं लढवून आखलेला बेत आणि शेजारच्याने मोबाइल बघत टाकलेला फासा, दोघांचं फळ एकच असेल तर डोकं लढवायचं कुणासाठी? पेपर कोरा ठेवला तरी पास आणि भरून लिहिला तरी पास, असा विषय कुणी अभ्यासेल का?

मग मागायचं काय?

माझ्या मते डीएमकडे तीन गोष्टी मागाव्यात.

पहिली, पूर्वसूचना. ओगरच्या गुहेबाहेर हाडांचा ढीग दिसू दे, मोडलेली ढाल दिसू दे, गावातल्या म्हातारीने सावध करू दे. एवढं कळूनही आत गेलो तर मरण आमचं. काहीच न कळता मेलो तर दोष डीएमचा.

दुसरी, पळवाट. नियमाने पळणं फार अवघड आहे, हे लक्षात घ्या. माणसाची चाल फेरीला ३० फूट आणि ओगरची ४०. म्हणून अरुंद फट, तोडता येईल असा दोरांचा पूल, फेकून द्यायला बकरी, असं काहीतरी डीएमने जागेतच पेरून ठेवावं. शोधायचं काम आमचं.

तिसरी, शत्रूलाही जीव प्यारा असावा. १९८१ च्या बेसिक नियमांत प्रत्येक राक्षसाला मनोबलाचा आकडा होता. गॉब्लिनचा ७. पहिला साथीदार पडला की दोन फासे टाकायचे, ७ च्या वर पडले की गॉब्लिन पळाले. हे ४२ टक्के वेळा होतं! निम्मे मेल्यावर पुन्हा तीच परीक्षा. २०१४ च्या पुस्तकातही असा ऐच्छिक नियम आहे, पण वापरतो कोण? आपल्याकडे प्रत्येक गॉब्लिन शेवटच्या थेंबापर्यंत लढतो, जणू त्याला कुणी पेन्शन देणार आहे.

आणि या तीन गोष्टी असतील तर फासे सगळ्यांसमोर पडू देत. लपवायचं कारणच उरत नाही.

यावर आक्षेप येतो तो खरा आहे. नवखा मुलगा पहिल्याच रात्री मेला तर तो परत येईल का? बरोबर. म्हणून पहिल्या दोन लेव्हलपर्यंत सूत्राला धरून चालावं, शत्रू कमी ठेवावेत, हे मला मान्य आहे. पण ते आधी ठरवावं, फासा पडल्यावर नव्हे. पोहायला शिकवताना उथळ पाण्यात सुरुवात करतात. खोल पाण्यात नेऊन ‘हे उथळच आहे’ असं कुणी सांगत नाही.

गंमत म्हणजे ज्या तिसऱ्या आवृत्तीने हा आकडा आणला, तिच्याच मार्गदर्शिकेत सुचवलंय की शंभरातल्या पाच लढाया गटाच्या आवाक्याबाहेरच्या ठेवा. तिथून पळायचंच असतं. सूत्र आपण उचललं आणि हे पान मात्र ऑप्शनला टाकलं! गनिमी कावा हा शब्द ज्या भाषेत आहे, त्या भाषेतल्या पोरांनी ‘समोरचा जास्त बलवान होता’ म्हणून रडावं, हे काही शोभत नाही.

तेव्हा डीएम मित्रांनो, पुढच्या वेळी तक्ता जरूर बघा, पण तक्ता मिटल्यावर स्वतःला एकच विचारा. यांना काय समोर आहे हे कळलंय का, आणि नको असेल तर परत फिरता येतंय का? दोन्हीचं उत्तर ‘हो’ असेल तर खुशाल ड्रॅगन आणा. आम्ही मरू, नाहीतर पळू, नाहीतर काहीतरी भन्नाट डोकं लावू. जे होईल ते आमच्या हाताने झालेलं असेल.