दुकान त्यांचे, नियम त्यांचे, न्यायाधीशही तेच!

आपल्या तरुणांना गेली काही वर्षे एक सल्ला सतत दिला जातो. सरकारी नोकऱ्या आटल्या, उरलेल्या जागा कंत्राटीकरणाने गिळल्या, तेव्हा आता नोकरी मागणारे नव्हे, देणारे व्हा. कोड लिहायला शिका. इंटरनेटवर कोणी आडनाव विचारत नाही, गाव विचारत नाही. एक लॅपटॉप आणि आपले डोके एवढ्या भांडवलावर जगाच्या बाजारात उभे राहता येते.

हा सल्ला देणारे सगळेच लबाड आहेत असे आम्ही म्हणत नाही. पण त्या बाजाराच्या दाराची किल्ली कोणाकडे आहे, आणि दार बंद झाल्यावर दाद कोणाकडे मागायची, हे मात्र कोणी सांगत नाही. ते नीट समजावे म्हणून आम्ही एका छोट्या धंद्याचे उदाहरण घेत आहोत. तो धंदा म्हणजे ब्राउझर एक्स्टेंशन.

क्रोम, फायरफॉक्स यांसारख्या ब्राउझरला जोडता येणारा छोटा प्रोग्रॅम म्हणजे एक्स्टेंशन. कोणी जाहिराती अडवतो, कोणी भाषांतर करून देतो, कोणी अभ्यासासाठी टिपणे साठवून ठेवतो. दिवसा नोकरी करून रात्री एकटा माणूसही हे बनवू शकतो. क्रोम वेब स्टोअरमध्ये डेव्हलपर म्हणून नाव नोंदवायला एकदाच ५ डॉलर लागतात. म्हणजे आत जाणे स्वस्त आहे. प्रश्न आत गेल्यावर सुरू होतो. केलेल्या कामाचे पैसे कसे घ्यायचे, आणि घ्यायचे की नाही हे ठरवणार कोण?

२०२० साली काय घडले?

पूर्वी क्रोम वेब स्टोअरची स्वतःची पैसे घेण्याची सोय होती. गिऱ्हाईक पैसे भरायचे, गुगल त्यातून ५ टक्के कापून घ्यायचे आणि बाकीचे डेव्हलपरला मिळायचे. जानेवारी २०२० मध्ये गुगलने जाहीर केले की फसवणुकीचे व्यवहार अचानक वाढले आहेत, म्हणून पैसे आकारणारी एक्स्टेंशन प्रकाशित करणे तात्पुरते थांबवले आहे. ज्यांचा त्या फसवणुकीशी काडीचा संबंध नव्हता, त्यांच्या साध्या अपडेटही परत आल्या. नकाराचे कारण काय लिहिले होते? 'स्पॅम आणि स्टोअरमधील स्थान' या नियमाचा भंग! चोर सापडेना म्हणून अख्ख्या आळीला चोर ठरवण्याची ही पद्धत आपल्याला नवी नाही.

'तात्पुरते' म्हणून घातलेली ती बंदी सप्टेंबरमध्ये कायम झाली. २१ सप्टेंबर २०२० रोजी गुगलने सांगितले की पैसे घेण्याची ही सोयच आता गुंडाळली जाईल. १ डिसेंबरपासून मोफत चाचणीची सुविधा बंद, १ फेब्रुवारी २०२१ पासून जुन्या एक्स्टेंशनलाही या मार्गाने पैसे घेता येणार नाहीत. गुगलचे म्हणणे असे की आता पैसे घेण्याचे इतर पुष्कळ मार्ग उपलब्ध आहेत, डेव्हलपरने आपली सोय करावी.

मार्ग होते, पण कोणासाठी? ज्याच्याकडे नोंदणीकृत कंपनी, हिशेबनीस, परदेशी व्यवहारांचे खाते आणि वकील आहे, त्याने महिनाभरात दुसरी व्यवस्था उभी केली असेल. आपल्याकडे तर ऑक्टोबर २०२१ पासून कार्डवरून आपोआप होणाऱ्या मासिक वर्गणीवर रिझर्व्ह बँकेचे नवे नियम आले आणि छोट्या रकमेच्या वर्गणीवर चालणाऱ्यांची आणखी पंचाईत झाली. एकट्याने, पगारातून वाचवलेल्या पैशांवर काम करणाऱ्याला एवढे ओझे पेलवते का? निर्णय सर्वांना सारखा लागू झाला. त्याचा मार मात्र सारखा बसला नाही. समान वागणूक आणि समान न्याय यांतला फरक आंबेडकरी माणसाला वेगळा सांगावा लागत नाही.

फसवणूक खरी आहे, हेही मान्य करू

काही मित्र म्हणतील, नियम नसले तर लुटारूंचेच फावेल. बरोबर आहे. आम्ही नियमांच्या विरोधात नाही. राज्यघटनेला मानणारा माणूस नियमांच्या विरोधात असूच शकत नाही.

'द ग्रेट सस्पेंडर' हे वीस लाखांहून अधिक लोकांचे आवडते एक्स्टेंशन २०२० मध्ये मूळ निर्मात्याकडून अनोळखी हातांत गेले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये घातक कोड असल्याचे सांगून गुगलला ते काढून टाकावे लागले. असे का होते, याचा विचार करा. प्रामाणिकपणे किंमत लावून विकण्याची वाट अवघड झाली की वापरणाऱ्यांची माहिती विकणे, जाहिराती घुसवणे किंवा एक्स्टेंशनच विकून मोकळे होणे, एवढ्याच सोप्या वाटा उरतात. सरळ वाट बंद करायची आणि मग लोक आडवाटेने का जातात म्हणून विचारायचे, याला धोरण म्हणत नाहीत.

आता बड्यांचे पाहू. 'हनी' हे खरेदीवर सवलतीचे कूपन शोधून देणारे एक्स्टेंशन. पेपाल कंपनीने ते सुमारे ४ अब्ज डॉलरना विकत घेतले. डिसेंबर २०२४ मध्ये त्याच्यावर जाहीर आरोप झाला की ज्या यूट्यूबरच्या शिफारशीमुळे गिऱ्हाईक दुकानात आले, त्याचे कमिशन हे एक्स्टेंशन शेवटच्या क्षणी स्वतःच्या नावावर वळवते. कंपनीने आपण धंद्यातल्या रूढ नियमांप्रमाणेच वागतो असे उत्तर दिले. प्रकरण न्यायालयात गेले. या गदारोळानंतर मार्च २०२५ मध्ये क्रोम वेब स्टोअरने आपला नियम कडक केला: वापरणाऱ्याला थेट आणि स्पष्ट फायदा होत असेल तरच असे कमिशनचे दुवे घालता येतील. १० जून २०२५ पासून तो लागू झाला.

नियम चांगला आहे. पण तुलना करा. २०२० मध्ये 'पुशबुलेट' या छोट्या कंपनीला परवानग्यांच्या एका नियमावरून १४ दिवसांची मुदत मिळाली होती. नेमके काय बदलायचे ते विचारले तर साचेबंद उत्तरे येत राहिली, आणि शेवटी गुगलच्या मनात काय आहे ते आम्हालाच ओळखायचे आहे, असे त्यांना उघडपणे लिहावे लागले. छोट्याला दोन आठवडे आणि मोठ्याच्या बाबतीत गावभर बोभाटा होईपर्यंत नियमच नाही. एकच दुकान, एकच पाटी, पण माणसागणिक वेगळी वागणूक.

एकाच हातात सगळी सत्ता

दुखणे मुळात कुठे आहे? गुगल दुकानाचे मालक आहे. नियमही तेच लिहिते. नियम मोडला की नाही हेही तेच ठरवते. अपीलही त्यांच्याकडेच करायचे. आणि वर ते स्वतः बाजारातले व्यापारी आहेत: गुगलच्या मूळ कंपनीच्या २०२३ च्या उत्पन्नापैकी तीन चतुर्थांशांहून अधिक पैसा जाहिरातींतून आला.

म्हणून 'ॲडनॉशियम'चे प्रकरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. हे एक्स्टेंशन जाहिराती लपवायचे आणि पाठीमागे त्यांच्यावर आपोआप क्लिक करायचे, म्हणजे पाळत ठेवणाऱ्या जाहिरातदारांचा हिशेबच बिघडावा. जानेवारी २०१७ मध्ये गुगलने ते काढून टाकले. कारण दिले ते 'एक्स्टेंशनचा एकच उद्देश असावा' या नियमाचे. त्या एक्स्टेंशनची पद्धत योग्य होती का, यावर वाद होऊ शकतो. पण ज्याच्या गल्ल्याला धक्का लागतो, त्यानेच निकाल द्यावा का, यावर वाद होऊ शकत नाही.

देणगीचीही तीच गत. त्याच कंपनीच्या प्ले स्टोअरवरून ऑक्टोबर २०१९ मध्ये 'वायरगार्ड' हे मोफत, मुक्त ॲप काढले गेले, कारण त्यात देणगी देण्यासाठी संकेतस्थळाचा दुवा होता. दुवा काढला तेव्हा ॲप परत आले. वर्गणीवर चाललेल्या चळवळीतल्या माणसांना याचा अर्थ कळायला हवा.

आपल्या देशात सरकारी कार्यालयातल्या शिपायालासुद्धा, ठरावीक अपवाद वगळता, आरोप सांगितल्याशिवाय आणि त्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय बडतर्फ करता येत नाही. राज्यघटनेच्या कलम ३११ ने त्याला ते संरक्षण दिले आहे. पण पाच वर्षे खपून उभे केलेले काम एका साचेबंद ईमेलने बंद होते तेव्हा त्या तरुणाला आरोपही धड कळत नाही.

'खाजगी आहे' हा जुनाच युक्तिवाद

यावर हमखास येणारे उत्तर म्हणजे, दुकान त्यांचे आहे, पटत नसेल तर जाऊ नका.

हा युक्तिवाद आपण पूर्वी ऐकला आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्याआधीच, १९२४ मध्ये, महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केलेला होता. सत्याग्रहानंतर स्पृश्य मंडळी न्यायालयात गेली ती तळे खाजगी आहे असे सांगत. तो दावा मुंबई उच्च न्यायालयात निकाली निघायला १९३७ साल उजाडले. अस्पृश्यतेचा अमानुष छळ आणि एक्स्टेंशन नाकारले जाणे यांची बरोबरी आम्ही करत नाही. तशी कोणी करू नये. आम्ही फक्त युक्तिवादाची जात ओळखतो आहोत. ज्यावर सगळ्यांचे जगणे अवलंबून आहे, त्याला 'खाजगी' म्हटले की प्रश्न विचारण्याचा हक्क संपतो, असे मानणारी ही जात आहे.

राज्यघटनेच्या कलम १५(२) मध्ये दुकाने, विहिरी, तलाव एका ओळीत का आले, याचा विचार करा. संविधान सभेत 'दुकान' या शब्दाचा अर्थ विचारला गेला तेव्हा बाबासाहेबांनी तो व्यापक ठेवला होता; अटी मान्य असतील तर सेवा मिळण्याचा हक्क त्यात त्यांनी धरला. ते कलम जात, धर्म, लिंग अशा कारणांवरच्या भेदभावापुरते आहे, त्याने एक्स्टेंशनचा तंटा सुटणार नाही, हे आम्ही जाणतो. पण दुकानाची मालकी म्हणजे मनमानीचा परवाना नव्हे, हे तत्त्व त्यातून स्पष्ट होते. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्येही बाबासाहेबांनी हाच धोका दाखवला होता: राज्याने आर्थिक जीवनातून हात काढून घेतला, तर मोकळीक मिळते ती मालकाला.

मंत्र्यांचा फोन कोणासाठी?

१ मार्च २०२४ रोजी गुगलने बिलिंगच्या वादावरून प्ले स्टोअरमधून दहा भारतीय कंपन्यांची ॲप काढायला सुरुवात केली. त्यांत नोकरी डॉट कॉम, शादी डॉट कॉम, भारत मॅट्रिमोनी अशी नावे होती. केंद्रीय मंत्र्यांनी तत्काळ हस्तक्षेप केला आणि चार-पाच दिवसांत ॲप परत आली. जातीचा रकाना लावून स्थळे शोधून देणाऱ्या ॲपसाठी दिल्ली जागी झाली! नाशिकच्या किंवा नांदेडच्या एखाद्या मुलाचे एक्स्टेंशन उडाले तर कोणता मंत्री फोन उचलेल?

भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये प्ले स्टोअरच्या बिलिंग धोरणाबद्दल गुगलला ९३६.४४ कोटींचा दंड केला. मार्च २०२५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो २१६.६९ कोटींवर आणला. दंड वाढतात, घटतात. छोट्या डेव्हलपरला लेखी कारण मिळण्याचा हक्क त्यातून मिळत नाही.

हा हक्क देणे अशक्य आहे का? युरोपीय संघात १२ जुलै २०२० पासून लागू असलेल्या नियमानुसार, व्यापाऱ्याची सेवा पूर्ण बंद करायची तर प्लॅटफॉर्मने किमान ३० दिवस आधी कारणांसह कळवावे लागते. त्याला गंभीर प्रकरणांचे अपवाद आहेत. तिथल्या डिजिटल सेवा कायद्यानुसार तक्रारीचा निकाल केवळ यंत्रावर सोडता येत नाही. तीच कंपनी तिथे हे पाळू शकते, तर इथे का नाही?

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. एक, नकाराचे नेमके कारण लेखी मिळाले पाहिजे: कोणता नियम, कोणत्या ठिकाणी मोडला. दोन, अपील माणसाने ऐकले पाहिजे, आणि शेवटचे अपील कंपनीबाहेरच्या यंत्रणेकडे असले पाहिजे. तीन, उघड फसवणूक वगळता बंदीपूर्वी पुरेशी मुदत मिळाली पाहिजे. चार, पैसे घेण्याचे धोरण बदलले तर छोट्यांना बदलासाठी किमान एक वर्ष मिळाले पाहिजे. डिजिटल स्पर्धा कायद्याचा मसुदा मार्च २०२४ मध्ये सरकारने जाहीर केला होता. त्यावर मोठ्या कंपन्यांची निवेदने जातात, उद्योगसंघटनांची जातात. आपल्या किती संघटनांची गेली?

तोवर आपण काय करायचे?

जे तरुण या क्षेत्रात आहेत त्यांना आमचे सांगणे आहे की एकाच दुकानावर पोट ठेवू नका. एक्स्टेंशन क्रोमबरोबर फायरफॉक्स आणि एजवरही टाका. पैसे घेण्याची आणि परवान्याची नोंद स्वतःच्या संकेतस्थळावर, संमतीने, ठेवा. दुकानाशी झालेला सगळा पत्रव्यवहार तारखांसह जपा. उद्या तोच पुरावा आहे. आणि काही झाले तरी वापरणाऱ्याची माहिती विकू नका. ज्या समाजाची माहिती शतकानुशतके त्याच्याच विरुद्ध वापरली गेली, त्या समाजातल्या माणसाने हा धंदा करू नये.

आणि जे या क्षेत्रात नाहीत, त्यांनी हा 'आयटीवाल्यांचा विषय' म्हणून बाजूला टाकू नये. गिरणीचे फाटक, पाणवठा, शाळेचा दाखला यांवर आपण लढलो, कारण जगण्याचे दार तिथे होते. आज ते दार पडद्यावर आले आहे. शिकलो आहोत, कोड लिहितो आहोत. आता संघटित होण्याचे काम बाकी आहे. एकट्याच्या ईमेलला साचेबंद उत्तर मिळते. शंभर जणांच्या सहीच्या निवेदनाला उत्तर द्यावे लागते.

जय भीम! जय संविधान!