पिवळा दिवा विझविण्यापूर्वी



मरोळ नाक्याहून अंधेरी-कुर्ला रस्त्याने सकाळच्या वेळी जावे, तर मेट्रोच्या खांबांच्या दोन्ही अंगांनी दुचाक्यांची दाटी दिसते. त्यांतील कितीतरी गाड्यांच्या मागील आसनावर कोणत्या ना कोणत्या पेढीचा माल बांधलेला असतो. एमआयडीसीतील कारखान्यात नमुना पोचवायचा असो, साकीनाक्याहून सुटा भाग आणायचा असो वा वसुलीला जायचे असो, व्यापारी कुटुंबात मोटरसायकल ही दुकानाच्या गड्यासारखीच राबत असते. ती एक दिवस बंद पडली की धंद्याचा दिवस मोडतो. म्हणून या वेळी तिच्या मीटरमधील एका लहानशा पिवळ्या दिव्याविषयी लिहावे, असे ठरविले. इंजिनाच्या आकृतीचा हा दिवा चावी फिरवताच लागतो आणि इंजिन सुरू झाल्यावर विझतो. असे होणे योग्यच. इंजिन चालू असतानाही तो तेवत राहिला, तर मात्र गाडीला काही सांगावयाचे आहे असे समजावे.

हा दिवा घरोघरी आला, तो प्रदूषणाच्या नियमांमुळे. मोटारीने स्वतःच्या धुरावर स्वतः लक्ष ठेवावे, ही कल्पना अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने पुढे आणली आणि १९९६ पासून त्या देशातील सर्व नव्या मोटारींना ती व्यवस्था सक्तीची झाली. तिचे नाव ओबीडी. आपल्याकडे दुचाकींत फ्युएल इंजेक्शन पूर्वीही होते. हिरो होंडाने २००६ मध्येच ग्लॅमर गाडीची तशी आवृत्ती काढली होती. परंतु सर्वसाधारण गाडीत कार्ब्युरेटरच असे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हे मानक लागू झाले आणि त्याबरोबर दुचाकींना ओबीडीचा पहिला टप्पा बंधनकारक झाला. त्यात मुख्यतः सेन्सर व तारा यांतील विद्युत-दोष टिपले जातात. दुसरा, अधिक काटेकोर टप्पा एप्रिल २०२३ पासून आला.

दोष आढळला की गाडीतील ईसीयू, म्हणजे तिचा छोटा संगणक, दिवा लावतो आणि आपल्या स्मृतीत एक सांकेतिक क्रमांक लिहून ठेवतो. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे, तर ही कीर्दीतील नोंद होय. दिवा इतकेच सांगतो की नोंद झाली आहे. ती कशाची, हे वही उघडल्यावाचून कळत नाही.

ही वही घरी उघडण्याचे दोन मार्ग आहेत. होंडाच्या अनेक गाड्यांत दिव्याची उघडझापच क्रमांक सांगते. लांब उघडझाप म्हणजे दहा, आखूड म्हणजे एक. दोन लांब व एक आखूड म्हणजे एकवीस, अर्थात ऑक्सिजन सेन्सर. आठ आखूड म्हणजे थ्रॉटलचा सेन्सर. दुसरा मार्ग वाचन-यंत्राचा. नव्या गाड्यांत आसनाखाली वा बाजूच्या झाकणाखाली सहा पिनांचा, पुष्कळदा लाल रंगाचा जोड असतो. मोटारीचे यंत्र सोळा पिनांचे असल्याने मध्ये जोडतार लागते. ईएलएम ३२७ या नावाने मिळणारे छोटे ब्लूटूथ यंत्र मोबाईलमधील ॲपशी बोलते. मात्र बाजारात त्याच्या हलक्या नकला उदंड आहेत आणि प्रत्येक गाडीशी त्यांचे जुळेलच असे नाही. घेण्यापूर्वी आपल्या गाडीचे नाव व वर्ष सांगून खात्री करून घ्यावी.

वाचनाची रीत सोपी आहे. गाडी मोकळ्या हवेत, सपाट जागी उभी करावी. चावी बंद असतानाच यंत्र जोडावे. मग चावी फिरवावी, इंजिनाचे बटण चालू स्थितीत ठेवावे, पण इंजिन सुरू करू नये. पडद्यावर ‘पी ०१२२’ अशासारखी अक्षरे उमटतील. ‘पी’ म्हणजे इंजिन व गिअरचे कुटुंब. त्यापुढील शून्य म्हणजे सर्व कंपन्यांना समान असा क्रमांक. तेथे एक असेल, तर तो कंपनीचा स्वतःचा, आणि त्याचा अर्थ तिच्याच पुस्तकात पाहावा लागतो. पी ०१२२ म्हणजे थ्रॉटल सेन्सरचा संदेश प्रमाणापेक्षा क्षीण. पी ०२०१ म्हणजे इंजेक्टरच्या विद्युत-मार्गात दोष. पी ०५६२ म्हणजे गाडीतील व्होल्टेज कमी.

येथेच पुष्कळांची गल्लत होते. क्रमांक मार्गाचे नाव सांगतो, गुन्हेगाराचे नव्हे. ‘ऑक्सिजन सेन्सर’ असे वाचले की नवा सेन्सर विकत घेण्याची घाई होते. परंतु त्याची तार उंदराने कुरतडलेली असू शकते, जोडात पावसाचे पाणी शिरून हिरवट गंज चढलेला असू शकतो, वा सायलेन्सरच्या सांध्यातून हवा आत जात असू शकते. पावसाळ्यात पाणी साचलेल्या रस्त्यातून रोज जाणाऱ्या गाडीत संशयाची पहिली जागा जोड व तारा हीच. तेव्हा आधी बॅटरी तपासावी. गाडी उभी असताना सुमारे साडेबारा व्होल्ट आणि इंजिन चालू असताना चौदाच्या आसपास दिसले पाहिजेत. मग जोड सुटे करून कोरडे करावेत, घट्ट बसवावेत आणि तारा डोळ्यांखालून घालाव्यात. यांत खर्च जवळजवळ नाही.

आता पुसण्याविषयी. ॲपमध्ये नोंद पुसण्याचे बटण असते आणि ते दाबण्याचा मोह अनावर असतो. पण दोष तसाच ठेवून नोंद पुसणे म्हणजे येणे वसूल न करता खात्यावर काट मारणे होय. दिवा विझतो, दोष राहतो. शिवाय अनेक गाड्यांत क्रमांकाबरोबर त्या क्षणाची स्थिती, म्हणजे इंजिनाचे फेरे, तापमान व वेग, हेही जतन होते. पुसताच तेही जाते आणि कारागिराच्या हाती पुरावा उरत नाही. बॅटरीची तार काढून दिवा घालविण्याची युक्तीही याच माळेतील. काही गाड्यांत तर तिने नोंद जातही नाही. इकडे न जळलेले पेट्रोल धुरात जात राहते आणि सायलेन्सरमधील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्याने तापून निकामी होऊ शकतो. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांसारख्या मौल्यवान धातूंचा तो भाग आहे; त्याच्या किमतीपुढे कुरतडलेली तार काहीच नव्हे.

यंत्राची स्वतःची शिस्त पाहण्यासारखी आहे. सामान्यतः दोष सलग तीन वेळा गाडी चालवूनही पुन्हा दिसला नाही, तरच दिवा आपणहून विझतो. स्मृतीतील नोंद मात्र इंजिन चाळीस वेळा थंडाचे गरम होऊनही दोष परतला नाही, तेव्हाच जाते. दुरुस्तीनंतर आपण नोंद हाताने पुसली, तरी चार-सहा फेऱ्या होऊ द्याव्यात आणि पुन्हा वाचावे. तोच क्रमांक परत आला, तर दुरुस्ती झालेली नाही असे समजावे.

गॅरेजमध्ये जाण्यापूर्वी तारीख, किलोमीटर, क्रमांक आणि तेव्हाची हवा, पाऊस होता की ऊन, हे कागदावर टिपून ठेवावे व पडद्याचे छायाचित्र घ्यावे. मिस्त्रीस विचारावे : कोणता क्रमांक निघाला, तार तपासली का, भाग बदलण्याचे कारण काय? काढलेला जुना भाग मागून घ्यावा आणि बिलावर क्रमांक लिहून मागावा. उत्तम कारागीर या प्रश्नांनी रागावत नाही. त्याचे काम सोपे होते. गाडी वॉरंटीत असेल, तर तारा कापणे वा सोलणे टाळून अधिकृत केंद्रातच जावे. ब्रेकच्या एबीएसचा दिवा लागला, तर घरी प्रयोग करू नयेत, आणि तेलाचा लाल दिवा लागला, तर इंजिन तत्काळ बंद करावे.

ही गाडी बहुधा आपण स्वतः चालवीत नाही. दुकानातील मुलगा किंवा आपलाच चिरंजीव ती चालवितो. भरगर्दीत इंजिन अचानक बंद पडले, तर मागून येणाऱ्या वाहनाच्या पुढ्यात तोच असतो. तेव्हा ‘दिवा लागला आहे, शेठ’ असे त्याने सांगितले, तर ‘चालू दे अजून चार दिवस’ असे उत्तर देऊ नये. त्याच संध्याकाळी वही उघडून पाहावी.