आईविहीर

मंडळी, गेल्या वर्षी याच पानावर मी बाल्कनीतल्या कढीपत्त्याची रडकथा सांगितली होती. तो अजून तग धरून आहे, एसीचं ठिबकणारं पाणी पिऊन. भेटेल तिथे त्याची चौकशी करणाऱ्या सगळ्या मैत्रिणींचे आभार! यंदाचा विषयही पाण्याचाच आहे. पण तो थोडा घरातला आहे, म्हणून लिहावं की नाही यावर बराच विचार करून मग लिहायला बसले.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी आम्ही दोन कुटुंबं मिळून बिरकत अल मौझला गेलो होतो. निझवाच्या अलीकडे, जबल अखदरच्या पायथ्याशी असलेलं हे गाव आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलं असेल. मातीची पडकी घरं, खाली खजुराची आणि केळीची बाग, आणि मधून खळाळत जाणारा फलज. डबे उघडले, मुलं पाण्यात पाय सोडून बसली, आणि तेवढ्यात माझा फोन वाजला. गावाहून धाकट्या भावाचा.

माझं माहेर पुरंदर तालुक्यातलं. अंजीर आणि सीताफळाची आमची जिरायती-बागायती अशी मिश्र शेती. वडील गेल्यापासून सगळं भाऊच बघतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: विहीर माघातच तळाला गेली आहे, अंजिराची झाडं वाळतील, बोअर मारायची आहे. मागे दोन बोअर मारल्या, त्या कोरड्या गेल्या. या वेळी पाणाड्याने तळहातावर नारळ धरून नवी जागा दाखवली आहे, सातशे फुटांपर्यंत जावं लागेल. मोटार, पाइप धरून सव्वा लाख. "ताई, तेवढे पाठव, पुढच्या हंगामात फेडतो."

मी म्हटलं, "थोडा विचार करू दे रे." त्यावर तो क्षणभर गप्प झाला आणि म्हणाला, "तुझं बरं आहे ताई. तुला काय, नळ सोडला की पाणी." आणि फोन ठेवला.

ते वाक्य मला लागलं, कारण ते खरं होतं. वर्षाला जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मस्कतमध्ये मी चोवीस तास नळ सोडते. तो नळ म्हणजे गोड केलेला समुद्र. घुब्राचा पहिला प्रकल्प १९७६ साली सुरू झाला, तेव्हापासून हे शहर समुद्र पिऊन वाढलं आहे. त्यामागे किती इंधन जळतं याचा विचार मी भांडी घासताना कधी करत नाही. अशा बाईने भावाला पाण्याचं शहाणपण कोणत्या तोंडाने शिकवायचं?

मी पाटाच्या कडेला जाऊन बसले. तिथे एक वयस्कर ओमानी गृहस्थ दंडाच्या तोंडाशी ठेवलेला दगड आणि फडकं काढून पाणी आपल्या बागेकडे वळवत होते. मनगटावरचं घड्याळ बघत होते. त्यांना छान हिंदी येत होतं. मी विचारलं, "आज तुमची पाळी का?" ते हसले. म्हणाले, माझा एक अथर आहे, अर्ध्या तासाचा. तो संपला की पलीकडचा.

मंडळी, मी लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं शाळेत भूगोल शिकवला. आठवीच्या वर्गाला 'जलसिंचन' हा धडा कितीदा तरी फळ्यावर आकृती काढून समजावला. पण त्या आजोबांनी अर्ध्या तासात जे सांगितलं, ते मला एम.ए.ला कुणी सांगितलं नव्हतं.

'फलज' या शब्दाचा मूळ अर्थच वाटणे, विभागणे असा आहे. बिरकत अल मौझचा फलज अल खतमैन हा दाऊदी प्रकारचा, म्हणजे जमिनीखालून येणारा. डोंगराच्या पायथ्याशी भूजल सापडेपर्यंत एक खोल विहीर खणतात. तिला 'उम्म अल फलज' म्हणतात, म्हणजे फलजची आई. त्या आईविहिरीपासून अगदी थोड्या उताराचा बोगदा खणत गावापर्यंत आणतात. मध्ये मध्ये हवेसाठी आणि गाळ काढण्यासाठी उभ्या विहिरी असतात. पंप नाही, वीज नाही. अशा ओमानमधल्या पाच फलजांना २००६ साली युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला, आणि देशभर सुमारे तीन हजार फलज आजही वाहते आहेत. माझं सासर छत्रपती संभाजीनगरचं. नवरा म्हणाला, "अगं, ही तर आमची नहर-ए-अंबरी!" खरंच. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला त्या शहराला पाणी आणलं, ते याच तंत्राने.

पण आजोबांना खणण्यापेक्षा वाटणीचं कौतुक जास्त होतं. पाणी गावात शिरतं तिथे आधी पिण्यासाठी घ्यायचं. मग मशीद आणि आंघोळीची जागा. मग खजुराच्या बागा. आणि सगळ्यात शेवटी हंगामी पिकांची वावरं. पाणी कमी झालं की सगळ्यांचंच थोडं थोडं वाळत नाही. हंगामी पिकं त्या वर्षी घेत नाहीत आणि झाडं जगवतात. पाळीचा हिशेब ठेवायला माणूस नेमलेला असतो. पूर्वी दिवसा काठीच्या सावलीवर आणि रात्री ताऱ्यांवर वेळ मोजत. काही पाळ्या खुद्द फलजच्याच मालकीच्या असतात. त्या भाड्याने देतात आणि त्या पैशातून दुरुस्ती होते. म्हणजे दुरुस्तीसाठी कुणाच्या दारात वर्गणी मागत जायला नको.

मी विचारलं, "कुणी बागेत बोअर मारली तर?" ते म्हणाले, आईविहिरीच्या जवळ कुणी खोल विहीर खणली, तर फलज आटतो. म्हणून तिथे परवान्याशिवाय खणता येत नाही. मग त्यांनी हात समुद्राच्या दिशेने केला. तिकडे बातिनाच्या किनाऱ्यावर, बर्का आणि सुवैककडे पंप आले, आणि जो तो आपापल्या बागेत उपसत राहिला. गोडं पाणी खाली गेलं तसं समुद्राचं खारं पाणी आत सरकलं, आणि खजुरासारखं चिवट झाडही तिथे वाळलं.

परतीच्या वाटेवर गाडीत सगळे पेंगले होते, आणि माझ्या डोक्यात मात्र नायगाव फिरत होतं. आमच्याच तालुक्यातलं ते गाव. १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे नावाचे पुण्याचे इंजिनिअर-उद्योजक तिथे आले. त्यांनी देवस्थानची चाळीस एकर माळजमीन कराराने घेतली, बांध घातले, तळं केलं, आणि त्यातून ग्राम गौरव प्रतिष्ठान आणि पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम माझ्या लहानपणी मोठ्या माणसांच्या बोलण्यात असत. पाणी जमिनीच्या एकरावर मिळणार नाही, घरातल्या माणसांवर मिळेल. माणशी अर्ध्या एकरापुरतं, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरतं. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्यासोबत विकला जाणार नाही. ऊस लावायचा नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा शेतकऱ्यांनी स्वतः घालायचा. पाणी सोडणारा पाटकरी सगळ्यांनी मिळून नेमायचा. माझे वडील म्हणायचे, "साळुंखेसाहेबांनी पाण्याची नाही, हिशेबाची योजना केली." तेव्हा मला ते कळलं नव्हतं. शेजारच्या नगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार सगळ्यांना ठाऊक आहे. पण तिथली झाडं आणि बंधारे सगळे बघून येतात. शेतीसाठी बोअर मारायची नाही आणि पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून मगच पिकं ठरवायची, हा नियम मात्र फारसं कुणी घरी नेत नाही.

समुचित तंत्रज्ञान म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर सौर कंदील नाहीतर गोबरगॅस येतो. मला आता वाटतं, त्याची एक सोपी परीक्षा आहे. ते तंत्र आपल्याला थांबायला शिकवतं का? फलज आईविहिरीत जेवढं पाणी आहे तेवढंच देतो. कितीही श्रीमंत माणूस आला तरी तो जास्त वाहत नाही. बोअरचं तसं नाही. ती पैसा असेल तितकी खोल जाते. आणि आमच्याकडे तो पैसा पुष्कळदा पुण्या-मुंबईहून किंवा इथून, आखातातून जातो. आपण प्रेमाने पाठवतो. पण आपल्या रियालने शेजारच्या काकांच्या विहिरीचा तळ उघडा पडत असेल, असं आपल्या मनातही येत नाही.

मार्चअखेर शाळेला सुट्टी लागली तशी लेकाला घेऊन दहा दिवस गावी गेले. भाऊ दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलला. तिसऱ्या दिवशी मी त्याला शेतावर घेऊन गेले आणि शिक्षिकेच्या सवयीने ढेकळावर काडीने आकृती काढली. आपला खडक काळा पाषाण. वरच्या झिजलेल्या मुरमात आणि भेगांमध्येच पाणी साठतं. खाली अखंड कातळ. भेग सापडली तर पाणी, नाही तर नुसती धूळ. आणि सापडलीच, तर त्याच भेगेतून चुलत्यांच्या विहिरीतलं पाणी येतं. मी त्याला पाबळच्या विज्ञान आश्रमाबद्दल सांगितलं. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली शिरूर तालुक्यात तो सुरू केला. शाळेत न रमलेली मुलं तिथे हाताने काम करत शिकतात, आणि जमिनीचा विद्युतरोध मोजून भूजलाचा अंदाज घ्यायलाही शिकतात. "निदान नारळावर सव्वा लाख लावू नकोस," मी म्हटलं. तो पहिल्यांदा हसला.

पण खरी अडचण खडकाची नव्हतीच. आमची जुनी विहीर सामाईक आहे. सातबाऱ्यावर आमचा आठ आणे, चुलत्यांचा आठ आणे. आबा होते तोवर चार-चार दिवसांची पाळी सुरळीत चालायची. पुढे दोन मोटारी बसल्या, रात्रीची वीज आली की जो आधी बटण दाबेल त्याचं पाणी. त्यावरून भांडण झालं, बोलणं बंद झालं, आणि सहा-सात वर्षं कुणी गाळच काढला नाही. दोन्ही घरं गाळावर बसून सातशे फुटांखालचं पाणी शोधत होती!

संध्याकाळी मी आणि आई चुलत्यांच्या ओसरीवर गेलो. चहा झाला, पण विषय निघेना. शेवटी आईच म्हणाली, "भाऊजी, मामंजी आणि त्यांच्या भावाने ती विहीर मिळून खणली. झरा कुणाच्या बाजूला लागला, हे तेव्हा कुणी विचारलं नव्हतं." काका बराच वेळ चपलेशी चाळा करत बसले. मग चुलतभावाला म्हणाले, "उद्या त्याला बोलाव."

सगळं गोड झालं असं मुळीच नाही. दोन बैठकांत आवाज चढले. चुलतभावाची स्वतःची बोअर आहे, ती बंद करायला तो तयार नाही. पण एवढं ठरलं: गाळ दोघांनी मिळून काढायचा. मोटार एकच. पाळी पुन्हा चार-चार दिवसांची, आणि वहीत लिहायची. वही आईकडे राहील, कारण दोन्ही घरं तिला घाबरतात. पाणी कमी असलेल्या वर्षी उन्हाळी कांदा कुणीच लावायचा नाही, आधी अंजीर आणि सीताफळ जगवायचं. शेवटचा नियम बिरकत अल मौझच्या आजोबांचा, हे मी तिथे सांगितलं नाही.

बोअरसाठी मागितलेल्या पैशांपैकी निम्मे मी पाठवले. गाळ आणि पडलेला कठडा यातला आमचा हिस्सा, आणि अंजिराला ठिबक. मे महिन्यात विहिरीतून गाळ निघतानाचा व्हिडिओ भावाने पाठवला. त्यात तो आणि चुलतभाऊ दोघे काठावर उभे होते. एकमेकांपासून जरा अंतर ठेवून, पण उभे होते. खाली त्याने लिहिलं होतं, "ताई, जुना झरा मोकळा झाला."

यंदा पाऊस बरा झाला. त्यामुळे या कराराची खरी परीक्षा अजून झालेली नाही. ती होईल पाऊस दगा देईल त्या वर्षी, रात्री दोन वाजता वीज आल्यावर, दुसऱ्याची पाळी असताना बटणाकडे हात जातो की नाही, तेव्हा. आईने वहीचं पहिलं पान भरल्याचा फोटो पाठवला आहे. तारीख, नाव, तास, आणि तिची ठसठशीत सही.

मंडळी, या दिवाळीत गावाकडून कुणी बोअरसाठी पैसे मागितले, तर लगेच नाही म्हणू नका, आणि लगेच हो म्हणूनही मोकळे होऊ नका. आधी एवढंच विचारा, की जुन्या विहिरीचा गाळ शेवटचा कधी काढला होता, आणि शेजारच्यांशी बोलणं आहे ना? आमच्या वहीचं पुढे काय झालं, ते पुढच्या वर्षी याच पानावर सांगेन. जे झालं असेल ते, खरं खरं.

शुभ दीपावली!