वजनकाट्याची साक्ष

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन पुढे केमोसाठी गोव्यात बांबोळीस किंवा मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात खेपा घालणाऱ्या रुग्णाविषयी मालवण-वेंगुर्ल्याकडील घरांतून एक समजूत इतकी दृढमूल झाली आहे की, तिच्याविरुद्ध कैफियत मांडणारा मनुष्य निष्ठुर ठरावा. औषध जहाल आहे, सबब रुग्णास पेजेवर ठेवावे, मासळी बंद करावी, अंथरुणावरून हलू देऊ नये. आणि पुढच्या खेपेस काट्यावर वजन टिकलेले दिसले, की ‘आता अंग धरल्यान’ म्हणून सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकावा, अशी ती समजूत होय. तिच्यामागची माया निर्विवाद आहे; पण मायेचा मुलाहिजा राखून शरीर आपला धर्म बदलत नाही. काटा रुग्णाचे वजन सांगतो. ते वजन कशाचे, हे सांगत नाही. स्नायू झिजून त्यांच्या जागी मेद किंवा पाणी साठले, तरी त्याचा दाखला पूर्वीइतकाच खणखणीत मिळतो.

मात्र एकट्या घरच्या माणसांवर ठपका ठेवणे अन्यायाचे होईल, कारण रुग्णालयाचा शिरस्ताही याच काट्यावर उभा आहे. हायडेलबर्गर यांनी 1957 साली पुढे आणलेले फ्लुओरोयुरॅसिल आजही या रोगावरील उपचाराचा कणा आहे. त्याची मात्रा उंची आणि वजन यांवरून शरीराचे पृष्ठफळ काढून ठरवतात. आणि त्या पृष्ठफळाचे ड्यु बॉइस यांचे 1916 सालचे मूळ सूत्र अवघ्या नऊ माणसांच्या मोजमापावरून बांधलेले आहे. समजा, 160 सेंटिमीटर उंचीचे आणि 60 किलो वजनाचे दोघे रुग्ण आहेत. दोघांचे पृष्ठफळ या सूत्राने 1.62 चौरस मीटर. चौरस मीटरला 425 मिलिग्रॅम या जुन्या प्रमाणाने दोघांसही सुमारे 689 मिलिग्रॅम औषध मिळणार. परंतु रापणीचा दोर ओढून घडलेल्या पहिल्याच्या देहात मेद वगळता 45 किलो ऐवज असेल आणि दुसऱ्याच्या देहात 33 किलोच असेल, तर पहिल्यास किलोमागे 15 मिलिग्रॅम औषध पोचते आणि दुसऱ्यास 21. हे औषध मेदात फारसे मुरत नाही. म्हणून हिशेब समान दिसला, तरी भार समान नसतो.

हा केवळ कागदी तर्क नव्हे. कॅनडातील आल्बर्टा विद्यापीठात कार्ला प्राडो, विकी बाराकोस आणि त्यांचे सहकारी यांनी 62 रुग्णांचा अभ्यास करून 2007 साली दाखवून दिले की, मेदविरहित देहाच्या किलोमागे 20 मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडली गेली, की औषध कमी करावे किंवा थांबवावे लागेल इतके दुष्परिणाम अधिक संभवतात, आणि त्यातही स्त्रियांमध्ये. आपल्याकडे तर ही गोष्ट अधिकच मनावर घेण्याजोगी आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघांचा वजन-उंचीचा निर्देशांक एकच, 22.3, पण युडकिन यांच्या अंगी मेद 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या अंगी 21.2 टक्के. 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापलेले त्यांचे जोडछायाचित्र मधुमेहाच्या संदर्भातले खरे, परंतु किडकिडीत दिसणारा मराठी देह आत काय बाळगून असतो, याचा त्याहून बोलका पुरावा माझ्या पाहण्यात नाही.

यावर कोणी म्हणेल, मग औषधच कमी करा. हा निष्कर्ष मी साफ नामंजूर करतो. आधीच धास्तीने मात्रा छाटणे म्हणजे रोगास सवलत देणे होय. स्थूल रुग्णासही पूर्ण मात्रा द्यावी, हेच तज्ज्ञांचे मत आहे, आणि स्नायूंवरून मात्रा ठरवण्याची रीत अद्याप सर्वमान्य झालेली नाही. शिवाय स्नायू हे एकमेव कारणही नव्हे. हे औषध मोडणारे यकृतातील विकर काहींच्या ठायी जन्मतःच उणे असते आणि ते तपासून घेता येते. माझे म्हणणे एवढेच की, ज्याचे मोजमाप हाताशी आहे ते करावे. सावंतवाडीहून दादरला निघालेल्या गाडीत रुग्णाच्या उशाशी ज्या थैलीत सीटी स्कॅनच्या फिल्मा असतात, त्यांतच कंबरेच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीवरचा छेद असतो. गाठ शोधून झाल्यावर त्याच छेदावर स्नायूंचे क्षेत्रफळ मोजता येते, आणि त्यासाठी दुसऱ्यांदा यंत्राखाली निजावे लागत नाही. ज्याचे स्नायू उणे निघतील, त्याच्यावर पहिल्या फेरीपासून बारीक नजर ठेवावी.

आता पुन्हा स्वयंपाकघराकडे वळू. अतिसार लागला असता मीठ घातलेली पेज उपकारकच आहे, तिच्याशी माझे वैर नाही. परंतु कर्करोगाच्या रुग्णास दर किलो वजनामागे दिवसाला 1 ते 1.5 ग्रॅम प्रथिने हवीत, म्हणजे 50 किलोच्या माणसास 50 ते 75. आणि ती नुसत्या पेजेतून भागणे नाही. शंभर ग्रॅम बांगड्यात ती सुमारे 20 ग्रॅम असतात. जो जिन्नस समुद्र दारात आणून टाकतो, तोच पथ्याच्या नावाखाली वर्ज्य करावा, यास काय म्हणावे? नीट शिजवलेली मासळी, अंडे, कुळथाची पिठी यांस मज्जाव करण्यास कोणताही आधार नाही. कच्ची-अर्धकच्ची कालवे तेवढी टाळावीत.

पथ्यच पाळायचे, तर खरे पथ्य निराळेच आहे. ऑक्झॅलिप्लॅटिन हे केमोचे औषध चालू असताना मासळीबाजारात बसणाऱ्या बाईने बर्फाच्या पेटीत हात घातला, की बोटांत सुया टोचल्यासारखी कळ उठते. थंड पाण्याचा घोट घेतला, तर घसा आवळल्यासारखा होतो. केमोच्याच कॅपेसिटाबिन या गोळ्यांनी तळहात-तळपायांची साले निघतात, तेव्हा दोर ओढणे काही दिवस बंदच ठेवावे लागते. पण म्हणून माणसास खाटेवर खिळवू नये. पडून राहिलेला स्नायू भराभर झिजतो, हे प्लास्टर उतरवलेला कोणताही पाय सांगेल. केमो संपल्यानंतर तीन वर्षे नियमित व्यायाम करवून घेतलेल्या रुग्णांत पाच वर्षांनी रोगमुक्त राहिलेले सुमारे 80 टक्के होते, तर नुसती पुस्तिका हाती दिलेल्यांत 74, असे 889 रुग्णांवरील चाचणीत 2025 साली दिसून आले.

राहता राहिली घरची बाई. दुष्परिणामांचा अधिक भार तिच्यावर पडतो, आणि आपल्याकडे रुग्ण झाली तरी चुलीपाशी तीच उभी असते. सर्वांची ताटे झाल्यावर ती जेवते, आणि तोवर कालवणात तिरफळे तेवढी उरलेली असतात. केमोच्या महिन्यांत पहिले पान तिचे मांडावे. एका वेळी जात नसेल, तर दिवसातून पाच-सहा वेळा थोडेथोडे द्यावे. आणि तेही जाईनासे झाले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता रुग्णालयास त्याच दिवशी कळवावे.