चौक पुसला, नक्षी उरली : वारली चित्रांतील आकारांविषयी

१/ रेषा फिरून स्वतःला येऊन मिळाली की आकार जन्माला येतो, आणि त्याबरोबर ‘आत’ व ‘बाहेर’ असे दोन प्रदेश निर्माण होतात. चित्रकलेच्या पुस्तकात व्याख्या येथे संपते. आत काय ठेवावे आणि बाहेर काय, हा खरा प्रश्न येथूनच सुरू होतो. डहाणू-तलासरी परिसरातील वारली भिंतींनी त्याचे उत्तर फार पूर्वी दिले आहे.

२/ वारली चित्रांचे मूलाकार तीन : वर्तुळ, त्रिकोण, चौकोन. वर्तुळ सूर्य-चंद्रावरून आणि त्रिकोण डोंगर व झाडांच्या शेंड्यांवरून आला, असे मानले जाते. चौकोनाला निसर्गात असा आधार नाही. तो माणसाने आखलेली सीमा आहे.

३/ माणूस काढताना दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जुळवले जातात. सारा तोल त्या एका बिंदूवर असतो. वरचा त्रिकोण किंचित कलला की आकृती धावते, वाकून लावणी करते, नाचते. स्नायू, छाया, चेहऱ्यावरचे भाव यांवाचून गती दाखवणाऱ्या या रीतीला ‘आदिम’ म्हणून बाजूला सारणे हा पाहणाऱ्याचा उथळपणा होय.

४/ साधनेही मोजकीच. सारवलेली, गेरूने रंगवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि टोक ठेचलेली बांबूची काडी. रंग एकच असल्याने अर्थाचा भार आकारावर येतो. तारपा नृत्याच्या वेटोळ्यात माणसांच्या रांगांमधली रिकामी तांबडी वाट पाहावी. न रंगवलेली जागाही तेथे आकारच असते.

५/ परंपरेत या चित्राचे केंद्र नाचणारी माणसे नव्हती, चौक होता. लग्नाच्या वेळी सवासिनी भिंतीवर लग्नचौक लिहीत, धवलेरी गाणी म्हणत. चौकात पालघट देवी, तर बाहेर झाडे, जनावरे, माणसे. चौकोनाची रेषा देवीचे स्थान आणि जग यांतील उंबरठा होती.

६/ १९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांतून ही कला कागदावर आली. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे तिचे सर्वांत मोठे नाव ठरले. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. स्त्रियांच्या हातचा विधी पुरुषांचाही व्यवसाय झाला आणि अनेक घरांना मिळकत मिळाली. हे नाकारण्याचे कारण नाही.

७/ मात्र बाजाराने निवड केली. कप, पडदे, साड्या, उपाहारगृहांच्या भिंती यांवर नाचणाऱ्या आकृत्या आणि तारप्याचा फेर घेतला गेला, चौक बहुधा मागे राहिला. आकृत्यांचे ठसे सारख्या अंतरावर उमटले. कलणे गेले, रिकाम्या जागेचा अर्थ गेला, उरली ती नक्षी.

८/ यावर आक्षेप येईल की कागदावर आल्यावर विधी सुटणारच. तो सुटला तरी आकाराची समज सुटावी लागत नाही, याचा पुरावा म्हसे यांचीच चित्रे आहेत. त्यांच्या मासेमारीच्या चित्रांत असंख्य बारीक रेषांनी विणलेले जाळे अवघा कागद व्यापते. तेथे लग्नचौक नाही, पण आत काय सापडले आणि बाहेर काय राहिले, हा जुनाच प्रश्न जाळ्याच्या आकाराने पुन्हा विचारला आहे.

९/ वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे. त्याने नावाचे रक्षण होते, दृष्टीचे होत नाही. शाळेत ‘दोन त्रिकोण काढा, वारली झाली’ असे शिकवले जाते, तेव्हा मुलांना आकृती मिळते, आकार मिळत नाही. त्रिकोण कोणत्या बाजूला कलला आणि चौकात कोण बसले आहे, हे दोन प्रश्न आधी विचारले जावेत. उसने घ्यायचेच असेल तर या समाजाकडून पाहण्याची रीत घ्यावी, आणि ज्यांची ती आहे त्यांना श्रेय व मोल द्यावे.